अंथरूण, गच्ची आणि खिडकी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, या म्हणीत अंथरूण ठरलेले आणि पाय तेवढे आवरायचे, असे गृहीत असते. म्हणीचा रोख खर्चाकडे आहे हे खरे. तरीही लहान घराच्या संदर्भात ती अडखळते, कारण तिथे अंथरूणच कायम नसते. महाल, इतवारी या नागपूरच्या जुन्या वस्त्यांतील एका खोलीच्या बिऱ्हाडांत सकाळी गादीची वळकटी होई आणि त्याच जागी निवडणटिपण, जेवणाची पाने, मुलांचा अभ्यास चाले, म्हणजे एकच जागा प्रहरांत वाटली जाई. पुढे पलंग आला, अंथरूण जागचे हलेनासे झाले, आणि म्हणीतली अडचण बहुधा तेव्हाच खऱ्या अर्थाने घरात शिरली.

उन्हाळ्यात तर अंथरूण बाहेरच जाई. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदवलेल्या या शहरात तापलेल्या भिंती रात्रीही उष्णता सोडत राहतात, म्हणून गच्चीवर वा अंगणात झोपण्याची रीत होती. कूलर आला आणि झोप पुन्हा आत आली. कूलरमध्ये ओल्या ताट्यांतून बाहेरची कोरडी हवा पंख्याने ओढली जाते व पाण्याची वाफ होताना ती थंड होते. मात्र या ओलसर हवेला बाहेर पडण्यासाठी समोर वाट लागते, आणि लहान घरात नेमकी तीच वाट कपाटाने अडलेली असते.

सामान कमी करावे, या सल्ल्याचा आदर्श जवळच आहे. गांधीजी १९३६ साली ज्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले, तेथील माती-बांबूच्या बापूकुटीत रिकाम्या जागेचे मोल पटते. परंतु आश्रमात स्वयंपाकघर वेगळे होते, कस्तुरबांची कुटी वेगळी होती. एका खोलीचा मोकळेपणा भोवतालच्या खोल्यांनी सांभाळला होता. अंथरुणाला खिळलेले आजोबा, परीक्षेला बसलेली नात आणि घर चालवणारे शिलाई मशीन एकाच खोलीत असेल, तर टाकायचे काय? गच्ची परत मिळाली तर आतली दाटी सुसह्य होईल असे वाटते. पण त्या गच्चीवर घरातल्या बायकांना निर्धास्त झोप लागत होती का, हे कोणी फारसे विचारले नाही, आणि त्यामुळे तेही उत्तर डळमळते. निदान कूलर बसवण्याआधी समोरच्या खिडकीपुढचे कपाट हलवून पाहावे. अनेक घरांत त्यासाठी दुसरी भिंतच शिल्लक नसते.