आजीचा फोटो किती मोठा करायचा?

आमच्या कडोलीत कुठल्याही जुन्या घराच्या सोप्यात पाऊल टाका, समोरच्या भिंतीवर फोटो असतातच. शिवाजी महाराज, विठ्ठल-रखुमाई आणि मग घरातली गेलेली माणसं. आमच्या भिंतीवर आजोबा कोट घालून बसलेत. आजोबांनी आयुष्यात कोट घातला नव्हता. पासपोर्ट आकाराच्या एका फोटोवरून तो मोठा करून घेतला, तेव्हा कलाकाराने ब्रशने कोट चढवला. त्या काळी ही रीतच होती. पण चेहरा आजोबांचाच आहे. मिशीचा एक बाजूला झुकलेला कोपरासुद्धा तसाच ठेवलाय.

गेल्या वर्षी आजी गेली. वर्षश्राद्धाच्या आधी तिचा फोटो आजोबांशेजारी लागावा, असं तात्यांच्या (माझे थोरले काका) मनात होतं. आजीचा स्वतंत्र असा फोटो नव्हताच. गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, त्याच्या ग्रंथदिंडीत ती बायकांबरोबर उभी असताना चुलतभावाने मोबाईलवर काढलेला एक होता. त्यात ती हसतेय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो सगळ्यांकडे होता. तात्यांनी तोच एका दुकानात दिला आणि २० × ३० इंचांचा करायला सांगितला.

फोटो घरी आला, तो बघून सगळे खूश. एकदम स्वच्छ, चकचकीत. आजीची धाकटी बहीण, आमच्या मावशीआजी, जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कोण रे? अक्का न्हवं ही. अक्काच्या कपाळावरचं गोंदाण कुठं हाय?"

गोंदण खरंच नव्हतं. डाव्या डोळ्याची पापणी थोडी खाली यायची, ती वर गेली होती. पुढचा तिरका दात सरळ झाला होता. दुकानदाराने कुठल्याशा ॲपमधून फोटो 'एन्हान्स' केला होता. त्यालाही दोष किती द्यायचा? जे मागितलं ते त्याने दिलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे घरातल्या प्रिंटरपासून पासवर्डपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. हेही आलं. आणि हिशेब मांडल्यावर कळलं की दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण १२०० × १६०० पिक्सेलचा होऊन येतो. त्यातला आजीपुरता भाग कापला की उरतात ४०० × ६००, म्हणजे २,४०,००० ठिपके. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. २० × ३० इंचांना त्या मापाने ६००० × ९०००, म्हणजे ५ कोटी ४० लाख ठिपके लागतात. २२५ पट! दर २२५ ठिपक्यांत एक आजीचा आणि २२४ यंत्राच्या मनचे.

हे मनचे ठिपके भरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुनी म्हणजे शेजारच्या ठिपक्यांवरून मधला रंग काढायचा. 'बायक्युबिक' पद्धत आसपासचे १६ ठिपके बघते. त्यात फोटो मऊ, धूसर होतो, पण खोटं काही शिरत नाही. नवी तऱ्हा एआयची. लाखो चेहरे बघून शिकलेलं मॉडेल 'इथे डोळा आहे, तर डोळा असा असतो' म्हणून नवा डोळा काढतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामांचा अगदी बारीक, ठोकळ्या-ठोकळ्यांचा फोटो कुणीतरी दिला, तर तिने त्यातून चक्क एक गोरा माणूस काढून दिला. तिथे ओबामांची ही गत, तर आमच्या आजीचं गोंदण म्हणजे त्या ॲपला कपाळावरचा डाग. पुसला.

मला एआयचं वावडं नाही, पोट त्याच्या आसपासच भरतं. मागचा मांडव, साडीचं पोत, भिंत यांना ते खुशाल वापरावं. चेहऱ्याला मात्र 'फेस एन्हान्स' बंद ठेवायचं, हे माझं ठाम मत. आजोबांचा कोट रंगवणाऱ्या त्या कलाकाराला ही मर्यादा कुणी न सांगता कळली होती.

मग सॉफ्टवेअर बाजूला ठेवून मूळ फोटो शोधायला लागलो. चुलतभावाचा तो मोबाईल कधीच विकला गेला होता, पण त्याच्या गूगल खात्यात मूळ फोटो सापडला: ३००० × ४००० पिक्सेल. आजीपुरता भाग १००० × १५००. स्क्रीनवर मोठा केला आणि गोंदण दिसलं. मी तात्यांना फोन लावून तेवढंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले, "आता किती मोठा होईल?"

याचं उत्तर फोटोत जेवढं आहे, तेवढंच बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. चांगली नजर साधारण १ मीटरवरून ०.३ मिलिमीटरपर्यंतचे ठिपके वेगळे ओळखते, त्याहून बारीक नाही. सोपा हिशेब असा, की ३४०० ला अंतराच्या इंचांनी भागायचं. फूटभर अंतरावरून हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला पावणेतीनशेच्या वर ठिपके लागतात. ते ३०० तिथूनच येतात. भिंतीवर उंच लावलेला, ५ फुटांवरून बघायचा असेल तर ५७ पुरतात. आमचे १००० ठिपके १२ इंचांत बसवले तर इंचाला ८३ पडतात. म्हणजे १२ × १८ आरामात. २० × ३० ला ५० च पडले असते.

"एवढासाच?" तात्या म्हणाले. त्यांना रस्त्यावरून दिसणारा फोटो हवा होता. शेवटी बाहेरची फ्रेम मोठी घेऊन फोटोभोवती रुंद पांढरा माउंट लावायचं ठरलं. तो नुसता शोभेचा नसतो. त्यामुळे काच आणि फोटो यांच्यात फट राहते. आपल्या बेळगावच्या पावसात काचेला टेकलेला फोटो चिकटतो, आणि मग सोडवताना चेहराच निघून येतो. कागद मॅट घेतला, आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, भिंतीची ओल फोटोला लागू नये म्हणून. लॅमिनेशन स्वस्त पडतं, पण ज्या फोटोला हळदकुंकू लागणार आणि ओल्या फडक्याने पुसलं जाणार, त्याला काचच हवी.

बेळगावला एका मूळ फोटोची किंमत नवी नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात राहिले होते. तेव्हा हरिपद मित्र यांच्या आग्रहावरून इथल्या 'एस. महादेव अँड सन' या स्टुडिओत त्यांचा फोटो काढला गेला. फोटोसाठी बसायला स्वामी नाखूशच होते म्हणे. मित्रांनी तेव्हा हट्ट सोडला असता, तर आज मोठं करायला हातात काहीच नसतं.

तुमच्याही घरी ट्रंकेत लग्नाच्या अल्बमबरोबर तपकिरी निगेटिव्हच्या पट्ट्या असतील. टाकू नका. ३५ एमएमची एक चौकट ४००० डीपीआयने स्कॅन केली की जवळपास ५६०० × ३७०० पिक्सेल मिळतात; १२ × १८ ला भरपूर. निगेटिव्ह नसेल तर ४ × ६ चा कागदी फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करा. फ्रेमच्या काचेवरून मोबाईलने फोटो काढू नका, त्यात आपलंच प्रतिबिंब येतं. आणि मूळ फाईल पाठवायची तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशी पोचते.

आजीचा फोटो लागला. आजोबांच्या कोटाशेजारी ती जरा धूसर दिसते, हे खरं आहे. मावशीआजींनी काचेवर कुंकू लावलं, नेमकं गोंदणाच्या वर, आणि त्यांच्यासाठी एक छोटी प्रत मागितली. ती ५ × ७ ची करणार आहे. इंचाला २०० ठिपके पडतील. त्या फोटो हातात घेऊनच बघतात, पण त्यांच्या चष्म्याला तेवढे पुरतील.