आमच्या पडवींतील सरकार

सरकार या शब्दाशीं आमच्यासारख्या घरांचा संबंध येतो तो बहुधा कचेरीच्या खिडकीपाशीं. घरपट्टी, निवृत्तिवेतन, फार तर एखादा उतारा किंवा दाखला. मूल जन्मलें म्हणजे त्याची नोंद करावी आणि तें सहा वर्षांचें झालें म्हणजे शाळेंत घालावें. मधलीं वर्षें आईचीं, आजीचीं आणि तिन्हीसांजेच्या परवच्याचीं, असाच आमचा पिढीजात समज. या वर्षांतहि सरकारनें लक्ष घालावें, मुलाचें वजन करावें, त्याच्या पानांत काय पडतें हें पाहावें, त्याला गाणीं शिकवावीं, ही कल्पना आमच्या वडिलांना चमत्कारिकच वाटली असती. परंतु २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं 'एकात्मिक बालविकास सेवा योजना' सुरू झाली, आणि तेव्हांपासून हें काम सरकारचें झालें.

महाराष्ट्रांत हा व्याप महिला व बालविकास विभागाच्या हाताखालचें एक आयुक्तालय सांभाळतें. त्याचें मुख्य ठाणें नवी मुंबईस. तेथून जी उतरंड लागते ती जिल्हा परिषद, बालविकास प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षिका अशी उतरत उतरत शेवटीं गांवांतली अंगणवाडीसेविका आणि तिची मदतनीस यांच्यापाशीं येऊन थांबते. चारशें ते आठशें वस्तीमागें एक अंगणवाडी, असें सर्वसाधारण मान. राज्यांतील एकंदर संख्या लाखाच्या वर जाते. एवढी थोरली उतरंड आमच्या घरांत शिरली ती पडवीच्या निमित्तानें.

आमचें गांव कृष्णाकांठचें, साखरकारखान्याच्या टापूंतलें. गेल्या पावसाळ्यांत अंगणवाडीच्या खोलीचें छप्पर गळूं लागलें आणि दुरुस्ती होईतों मुलांना बसवावें कोठें असा प्रश्न पडला. सेविकाबाई आमच्याकडे आल्या. घरांत आम्ही उभयतां आणि आमच्या मातोश्री एवढींच माणसें. पडवी बारा महिने रिकामी. मागणें साधें होतें, पण उत्तर तेवढें साधें नव्हतें. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशीं. त्यांनीं बाईंना बसवून घेतलें, चहा दिला आणि मग विचारलें, "मुलें कोणाकोणाचीं गं?" प्रश्न कशाविषयीं आहे हें बाईंना कळलें आणि आम्हांलाहि कळलें. बाईंनीं एकेका मुलाचें नांव सांगितलें. आडनांव एकाचेंहि सांगितलें नाहीं. "आणि ऊसतोडीचा तळ पडला कीं तिथलीं पांचसहा येतील, आजी. तीं फाल्गुनापर्यंतच असतात." मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "पाण्याचा माठ मोठा लागेल." होकार देण्याची त्यांची हीच रीत.

अंगणवाडी हा शब्दहि अशाच अडचणींतून निघालेला आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हां माँटेसोरीबाईंच्या पद्धतीचा लाभ मुख्यतः शहरांतील सुशिक्षितांच्या मुलांना मिळत होता. पुढें १९४५ मध्यें ताराबाई समुद्रकांठच्या बोर्डीस गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथें गरीब वस्तींतलीं मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां मुलांना बोलावीत बसण्याऐवजीं या बायांनीं बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. महागड्या साधनांच्या जागीं शिंपले, बिया, खडे आणि पानें आलीं. १९५७ मध्यें कोसबाडच्या टेकडीवर गेल्यानंतर तर गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरली. सरकारी योजनेनें यांतील नांव घेतलें. अंगण मात्र सुटलें, खोली आली, आणि खोलीमागून नोंदवह्या आल्या!

त्या नोंदवह्या आतां मोबाईलमध्यें शिरल्या आहेत. २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' नांवाच्या यंत्रणेंत हजेरी, उंची, वजन, आहार सारें भरावें लागतें. सेविकाबाई ओसरीच्या खांबाला टेकून तें भरीत बसतात, आणि तेवढ्या वेळांत मुलें मदतनीसबाईंच्या पदराशीं झोंबतात. प्रत्येक मुलाला दिवसाकाठीं पूरक आहार मिळावा, असा दंडक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तो मुलांचा हक्कच झाला. लसीकरण, आरोग्यतपासणी, गर्भवतींना सल्ला, हेंहि काम त्याच दोघींकडे. एवढें करून बाईंना मिळतें तें 'मानधन', वेतन नव्हे. सेविकांना उपदान मिळालें पाहिजे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें दिला, तरी मानवाढीसाठीं २०२३ च्या डिसेंबरांत राज्यांतल्या सेविकांना संपावर जावें लागलेंच. ज्या कामाला वेतन म्हणावयास आपण कचरतों, त्याला मान देण्याची भाषा किती सोपी जाते!

शिकविणें उरल्या वेळांत होतें, हें खरें. पण जें होतें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. चिंचोके मोजणें, पानांच्या राशी लावणें, वळून वळून एकच गोष्ट सांगणें. चिंचोके निवडून देण्याचें काम मातोश्रींनीं आपण होऊन मागून घेतलें. आमचा नातू पुण्यास ज्या शिशुवर्गांत जातो तेथील वर्षाची फी त्यांना सांगितली, तेव्हां ऐकण्यांत चूक झाली असें समजून त्यांनीं ती पुन्हां विचारली. नातू चौथ्या वर्षीं इंग्रजी अक्षरें काढतो. चिंचोका त्याला ओळखतां आला नाहीं. असल्या खासगी वर्गांकडे सरकारनें वर्षानुवर्षें फारसें पाहिलेंच नाहीं, आणि आम्हां पालकांनाहि त्याची उणीव भासली नाहीं.

मार्गशीर्षांत तळावरचीं मुलें आलीं. त्यांत बीड जिल्ह्यांतली तीन वर्षांची एक पोर होती. ताणकाट्यावर तिचें वजन साडेनऊ किलो भरलें. दंडाभोंवतीं रंगीत पट्टी गुंडाळतात, घेर ११.५ सेंटिमीटरच्या आंत आला म्हणजे तांबडा रंग दिसतो. तिचा तांबडाच दिसला. अशा मुलांसाठीं गांवांतच 'ग्राम बालविकास केंद्र' चालवितात. दिवसांतून अनेक वेळां थोडथोडें खाऊं घालावयाचें. तें आमच्याच पडवींत चाललें. आई पहांटे फडावर जाई तेव्हां पोरीला पायरीवर सोडून जाई, आणि दार उघडण्याचें काम ओघानेंच आमच्याकडे आलें. पहिले पंधरा दिवस ती कोणाशीं बोलली नाहीं. माघांत वजन दहा किलो दोनशें ग्रॅम झालें आणि पट्टीवर पिवळा रंग आला.

फाल्गुनांत कारखान्याचा हंगाम संपला आणि तळ उठला. सेविकाबाईंनीं पोरीच्या गांवच्या सेविकेचा नंबर मिळवून तिला वजनाचे आंकडे कळविले. "आली कीं लगेच काट्यावर घेते, ताई," असें पलीकडून उत्तर आलें. त्याला आज तीन आठवडे झाले. तिच्या आईबापांची टोळी वाटेंत वीटभट्टीवर थांबली असें तळावरच्या मुकादमानें सांगितलें. भट्टी कोणत्या गांवीं, हें त्यालाहि ठाऊक नाहीं. बाईंनीं वाटेवरच्या तालुक्यांतील आणखी दोघी सेविकांचे नंबर आमच्याकडून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आहेत. उद्यां सकाळीं त्या फोन करणार आहेत.