श्वासाचा हिशेब

चातुर्मास लागला की कोयलीत आम्हा बायकांच्या बोलण्यात तपाचे आकडे येतात. कुणाचं एकासणं, कुणाचं आयंबिल, कुणाची अठ्ठाई. पण आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहणारीचं शरीर चालतं कशावर, हे कुणी विचारत नाही. मला ते भाचीने सांगितलं. ती औषधशास्त्र शिकते आणि तिच्या कामात उंदीर असतात. हे कळल्यापासून स्वाध्यायातल्या काही जणी तिच्याशी तुटक वागतात. मी म्हटलं, आधी ऐकून तर घेऊ.

उंदराला एका पारदर्शक बंद पेटीत ठेवतात. आत दाणा, पाणी. एका नळीने हवा आत जाते, दुसरीने बाहेर येते. वाटेत ऑक्सिजन किती घटला आणि कार्बन डायऑक्साइड किती वाढला, एवढंच यंत्र मोजतं. त्यावरून शरीराने किती ऊर्जा खर्चली ते काढतात. या मोजणीसाठी टोचायचं नाही, कापायचं नाही. आमच्या ह्यांना हे लगेच समजलं. इथली रिफायनरी १९६५ची, तिथेच त्यांची नोकरी झाली. भट्टीच्या धुराड्यात ऑक्सिजन किती उरला, यावरून जळण नीट जळतंय का ते तिथेही बघतात.

श्वास म्हणजे मंद जळणंच, हे लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये दाखवलं. गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळला ते त्यांनी मोजलं. बाहेर टाकलेला वायू आणि घेतलेला ऑक्सिजन यांचं प्रमाण पिष्ट जळताना १ असतं, चरबी जळताना ०.७ च्या आसपास. उपाशी शरीरात हा आकडा ०.७ कडे उतरतो. म्हणजे अठ्ठाईतली बाई मुख्यतः स्वतःच्या चरबीवर चालते.

भाचीची आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. आपल्याला बरी वाटणारी २२ अंशांची खोली उंदराला थंड असते. त्याला सुमारे ३० अंश लागतात. एकटा, घरट्याविना ठेवला तर तो ऊब टिकवण्यातच शक्ती घालवतो आणि आकडे फसतात. नव्या पेटीत रुळायलाही त्याला वेळ द्यावा लागतो. जिवाची काळजी घेतली नाही तर मोजणीही खोटी ठरते.

तरी मी तिला विचारलंच, "आपण पच्चक्खाण घेऊन उपवास करतो, ठरल्या दिवशी पारणं करतो. तुझ्या उंदराला उपाशी ठेवलं, तर त्याने कुठे पच्चक्खाण घेतलं? आणि प्रयोग संपल्यावर त्याचं काय?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, पुष्कळदा मारतात."

मी तिला कॉलेज सोड म्हटलं नाही. पारण्यानंतर आपण साखरेची गोळी घेतो, तीही अशाच पिंजऱ्यांतून आपल्यापर्यंत आली आहे. मुलीशी अबोला धरून ते ऋण फिटत नाही. आपल्याकडे १९६०चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रयोगाआधी नीतिसमितीची परवानगी लागते. पण उंदीर कमी करता येतील का, त्याविना काम होईल का, हे तिथे कुणीतरी रोज विचारायला हवं. ज्या मुलीला पाणी गाळून प्यायची लहानपणापासून सवय आहे, तिने ते विचारावं. तेवढंच मी तिला सांगितलं. स्वाध्यायातल्या बायकांनाही हेच सांगते.