तीन तिघाडा

‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण ज्याने काढली, त्याच्या घरी कुबरनेटिस बसवलेलं नसणार. आमच्या घरी बसवलंय. शोकेसमध्ये, जिथे पूर्वी समया होत्या तिथे. तीन जुने संगणक, एकमेकांना वायरींनी बांधलेले.

कुबरनेटिस हा शब्द ग्रीक. अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपला तांडेल. गूगलने २०१४ साली हा तांडेल जगाला फुकट देऊन टाकला. चिरंजीवांनी समजावलं ते असं : प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट डब्यात भरायचा. कुठला डबा कुठल्या मशीनवर ठेवायचा ते तांडेल बघतो. आपण फक्त सांगायचं, “याच्या तीन प्रती चालू पाहिजेत.” मग तो रात्रंदिवस मोजत बसतो. दोनच भरल्या की तिसरी उभी करतो. लग्नघरी वाट्या मोजणारी आमची आत्या अशीच होती. फक्त कमी पडलेली वाटी तिला उभी करता येत नसे.

यात सोवळंही आहे. कारभार पाहणाऱ्या मशीनवर इतर डबे ठेवायचे नाहीत. पण तिन्ही मशीनं कारभारीच, तेव्हा डबे ठेवायचे कुठे? चिरंजीवांनी एक आज्ञा लिहिली, तिच्या शेवटी वजाबाकीची आडवी रेघ मारली, आणि सोवळं सुटलं. आमच्या आईच्या सोवळ्याला अशी रेघ कुणाला सापडली नाही.

दुकानदार चौथा संगणक स्वस्तात देत होता. चिरंजीव नको म्हणाले. कारण, इथे प्रत्येक नोंद बहुमताने होते. तिघांत बहुमत दोघांचं, म्हणजे एक बंद पडला तरी भागतं. चौघांत बहुमत तिघांचं, म्हणजे तिथेही एकच बंद पडलेला चालतो. चौथा नुसता विजेचं बिल वाढवायला!

आम्ही चौघे भाऊ. त्यातला चौथा मी.

घरातले निर्णय बहुमताने, हा आमच्या वडिलांचाही दंडक. त्यामुळे कोकणातलं घर गेली वीस वर्षं तसंच गळतंय. अण्णा आणि मी ‘ठेवायचं’ म्हणणारे, मधले दोघे ‘विकायचं’ म्हणणारे. गेल्या वर्षी अण्णा गेले.

“बंद पडलेल्या मशीनचं काय रे?” मी सहज विचारलं.

“यादीतून आपण नाव काढेपर्यंत ते मोजलं जातंच. बहुमत चौघांतलंच धरायचं.”

घरपट्टीच्या पावतीवर अजून चौघांची नावं येतात. परवा दादाचा फोन आला. “अण्णांचं नाव कमी करायचा अर्ज तयार आहे. तू सही करायला कधी येतोस?”

मी म्हटलं, “हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय रे दादा...”