बोर्ड वाचता येणं

कॅरमपटूची कारकीर्द नेमावर सुरू होते, पण टिकते ती बोर्ड वाचण्यावर, असं माझं ठाम मत आहे. नेम सरावाने पुष्कळांना साधतो. मावळात, म्हणजे बेडसे, कामशेत, पवनेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर जी हवा असते, तिच्यात मात्र नुसता नेम पुरत नाही. प्लायवूड ओल धरतं, बोरिक पावडरच्या बारीक गुठळ्या होतात आणि उन्हाळ्यात हलक्या टिचकीने पॉकेटात उतरणारी सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारल्यावर बोर्डावर किमान साडेतीन फेऱ्या गेला पाहिजे. नियम किमान वेग ठरवतो. प्रत्यक्ष वेग त्या दिवशीची हवा, लाकूड आणि पावडर ठरवतात. जाणता खेळाडू ब्रेकनंतरच्या दोन-तीन फटक्यांतच कोणती बाजू जड आहे, फ्रेमवरून रिबाउंड कितपत मिळतोय हे ताडतो आणि राणी आत्ता घ्यायची की कव्हरची सोय झाल्यावर, हे त्यावरून ठरवतो.

हे कौशल्य खरं की नशिबालाच दिलेलं मोठं नाव, असं कुणी विचारेल. नशीबच असतं तर हॉल आणि हवामान बदलल्यावर विजेतेही बदलले असते. मुंबईचे प्रशांत मोरे २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला विश्वविजेते झाले आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियात त्यांनी विश्वचषक जिंकला. दुसरा आक्षेप जुना आहे: बसून खेळायच्या खेळात कसली आली कारकीर्द? त्याला स्कॉटलंडच्या कर्लिंगचं उत्तर आहे. तिथे ग्रॅनाइटचा वीसेक किलोचा दगड बर्फावरून लक्ष्याकडे सोडतात. बर्फावर आधी पाण्याचे थेंब शिंपडून गोठवलेले दाणे असतात. खेळ चालतो तसे ते झिजतात आणि तेवढ्याच जोराने सोडलेला दगड वेगळा वागतो. तिथे ताकद लागते, ब्रशने बर्फ घासताना दम निघतो, हे मान्य. तरी डाव फिरतो तो बर्फाच्या अंदाजावरच. तिथल्याच कर्लिंगपटू ईव्ह म्युरहेडने २०१४ मध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवलं, २०१८ मध्ये कांस्यपदकाच्या लढतीत तिचा शेवटचा दगड चुकला आणि जपान जिंकलं. २०२२ मध्ये अंतिम सामन्यात तिच्या संघाने त्याच जपानला १०-३ असं हरवून सुवर्ण घेतलं. एवढ्या वर्षांत पक्की होत जाते ती समज. हात तर विशीतच तयार झालेला असतो.

म्हणूनच पाऊस लागला की बोर्ड भिंतीला टेकवून ठेवायची आपल्याकडची सवय मला खटकते. ओल्या बोर्डावर हात बिघडतो, असं सांगितलं जातं. नुसत्या ओल्या बोर्डावर खेळलं तर बिघडेलही. जोर लावायची खोड लागते आणि कोरड्या बोर्डावर स्ट्रायकर पॉकेटात जाऊन ड्यू होतो. पण आलटून पालटून दोन्हींवर खेळणाऱ्या मुलाला जोर मोजायला शिकावंच लागतं. चकचकीत स्पर्धा-बोर्ड शहरातल्या क्लबात मिळतो, त्याची उणीव मावळातल्या मुलांना जाणवणारच, आणि तो त्यांना मिळायला हवा. सोबत चार महिन्यांची ही दमट हवा त्यांच्या वाट्याला फुकट आली आहे. प्रशिक्षकांनी ती सुट्टी समजू नये. पावसाळ्यातला सराव वेळापत्रकात घालावा आणि मुलांना प्रत्येक डावाआधी बोर्डाचा वेग स्वतः सांगायला लावावा.