तासाला चाळीस रुपये

मिरज म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, दवाखाने आणि सतारी. आमचं काम या दोन्हींत बसत नाही. आम्ही दोघी जावा घरी आरीकाम करतो, म्हणजे ब्लाउजच्या पाठीवर आणि बाह्यांवर जरदोसी, मोती, टिकल्या, कुंदन भरतो. जिन्याखाली जेमतेम साडेचार फुटांची जागा आहे. तिथं लाकडी स्टँड, वर एलईडीची पट्टी आणि समोरासमोर आम्ही दोघी. बऱ्याचदा एकाच बाहीवर दोघींचे टाके असतात, म्हणून हा लेखही मिळूनच लिहिला आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा दोघींची मराठी. त्यामुळे हिशेब मराठीत होतो आणि हिशेबावरचं भांडणही.

2021 मध्ये थोरलीने तीन महिन्यांचा क्लास केला आणि मग धाकटीला शिकवलं. पहिली दोन वर्षं आम्ही याला धंदा म्हणतच नव्हतो. घरचेही म्हणत नव्हते. "बसल्या बसल्या काहीतरी करतात," असं पाहुण्यांना सांगितलं जायचं. नणंद, मावससासू, शेजारची भाबी, सगळ्यांचे ब्लाउज आणि ईदचे कुर्ते "घरचंच आहे" म्हणून यायचे आणि घरच्यासारखेच जायचे. बाहेरचं गिऱ्हाईक आलं आणि किती झाले विचारलं, तर आम्ही एकमेकींकडे बघायचो. मग एकजण म्हणायची, "द्या तुम्हाला वाटेल ते." याला आम्ही अदब समजत होतो. आता वाटतं, ती भीती होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सतारवाले चाचा आहेत. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार, त्यांतल्या फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी बनवायला घेतल्या असं सांगतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एकदा चाचांकडे कोणी गवई तंबोरा घेऊन आला होता. भोपळा ठीक, तारा ठीक, फक्त जवारी उतरली होती. चाचांनी घोडी काढली, घासली, दोरा सरकवून पाहिला, कान लावला, पुन्हा घासली. वरून बघणाऱ्याला काही केल्यासारखं दिसलंसुद्धा नाही. पण आवाज उघडला आणि चाचांनी पैसे सांगितले. गवयाने दिले. आम्ही तिथं भाचीची शाळेची बॅग शिवून घ्यायला म्हणून थांबलो होतो. चाचांनी आम्हालाच विचारलं, "तुम्ही खाका उतरवायचे पैसे लावता का गं?"

खाका म्हणजे बटर पेपरवर डिझाइन काढायचं, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडायची आणि पावडर कालवून बोळ्याने कापडावर पुसायचं. एका पाठीच्या खाक्याला तीन तास सहज जातात. त्याचे पैसे आम्ही कधीच लावले नव्हते. ते काम आहे हेच आम्हाला सुचलं नव्हतं.

त्या रात्री नववीतल्या मुलीला वही घेऊन बसवलं. 1200 रुपयांचा ब्लाउज. त्यात सामान 430 चं. दोघींचे मिळून 19 तास. तिने भागाकार केला आणि म्हणाली, "चाचीजान, तासाला चाळीस रुपये पडतात." शेतात भांगलायला जाणाऱ्या बाईला दिवसाचे 300 मिळतात, सहा तासांचे. म्हणजे तासाला पन्नास. भांगलणं हलकं काम नाही, आणि त्या बायकांपेक्षा आम्ही मोठ्या आहोत असंही नाही. पण आम्ही "कलाकार" म्हणवून घेत होतो आणि आमचा तास आम्हीच सगळ्यांत स्वस्त ठेवला होता. दोष गिऱ्हाइकाचा नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तासाला 80 ठरवले. तोच ब्लाउज 1950 चा झाला. आकडा वहीत लिहिणं सोपं होतं, तोंडाने सांगणं अवघड. पहिल्यांदा सांगितला तेव्हा थोरलीने बोलावं असं ठरलं होतं आणि ऐनवेळी ती पाणी प्यायला आत गेली. धाकटीने सांगितला. बाई म्हणाल्या, विचार करून कळवते. आल्या नाहीत.

मग दिवाळीनंतर एका दुकानाकडून निरोप आला. लग्नसराईसाठी 40 ब्लाउज, सामान त्यांचं, मजुरी नगाला 700. एकूण 28,000 रुपये. त्याच महिन्यात टेम्पोचा हप्ता थकलेला होता. आमच्या घरात 28,000 ही काही बोलून सोडून द्यायची रक्कम नाही. दोन रात्री आम्ही वहीच्या त्याच पानाशी बसलो. तासाला सदतीस रुपयेही पडत नव्हते, आणि त्या तारखांत दुसरं एकही काम घेता आलं नसतं. आम्ही नाही म्हणून कळवलं. घरात कोणी रागावलं नाही, पण जेवताना कोणी बोललंही नाही. ते जास्त जड गेलं. पुढच्या दोन महिन्यांत आमच्याकडे तीन ब्लाउज आले. डोली आणि नवरा-नवरीची चित्रं आम्ही भरत नाही, कुयरी, वेल, जाळी एवढंच करतो. त्यामुळेही काही नवऱ्या परत गेल्या. आमचा निर्णय बरोबर होता की नाही, याची खात्री आम्हाला त्या दिवसांत नव्हती.

वहीची दुसरी बाजू तेव्हा सुरू झाली. एका बाजूला हिशेब होता आणि तो वाचवत नव्हता. म्हणून वही उलटी करून शेवटच्या पानापासून आम्ही रोज एक ओळ लिहू लागलो, आज पुढे काय सरकलं. "खाका पहिल्याच पुसण्यात उतरला." "कुयरीचं टोक आज टोकच दिसतं, गाठ नाही." "नणंदेला दर सांगितला. आवाज कापला नाही." "काही झालं नाही. स्टँड पुसला." एका पानावर फक्त "गिऱ्हाइकाने मागायच्या आधी पैसे दिले" एवढंच आहे आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

वाईट दिवसही त्यातच गेले. एका फिक्या रेशमावर खाक्याची पावडर निघेना, डाग राहिला. कापडाची किंमत भरून दिली, मजुरी बुडाली. थोरली म्हणाली, ही ओळ हिशेबाच्या बाजूला लिही. धाकटीने उलट्या बाजूला लिहिली: "आजपासून आधी तुकड्यावर पुसून बघायचं." त्यानंतर तो डाग पुन्हा कधी पडला नाही.

आपल्या घरांत असं स्वतःचं काही लिहून ठेवणं जरा विचित्र वाटतं, हे आम्हाला ठाऊक आहे. नजर लागेल, घमेंड येईल. थोरलीच्या मनात हे बरेच दिवस होतं. पण शुक्र कशाचा करायचा हेच माहीत नसेल तर तो नुसता तोंडातला शब्द राहतो. थोडं असलं तरी नेमाने केलेलं काम अल्लाहला प्रिय आहे, ही हदीस आपण इबादतीच्या संदर्भात ऐकतो. आम्हाला ती त्या उलट्या पानांवरही दिसली. आमचं साजरं करणं म्हणजे काय, तर शुक्रान्याच्या दोन रकात नफिल आणि बेकरीतली चार नानकटाई. केक वगैरे काही नाही.

हजरत खदीजांचा (र.) व्यापार आपल्या मुलींना नेहमी सांगितला जातो, आणि सांगायलाच हवा. पण त्यांचे काफिले शामपर्यंत जात, आमचा काफिला जिन्याखालून दारापर्यंत. आम्हाला हजरत जैनब बिन्ते जहश (र.) जवळच्या वाटतात. त्या कातडं कमावायच्या, शिवायच्या आणि त्यातून मिळेल ते सदका करून टाकायच्या. गेल्या रमजानमध्ये आम्ही पहिल्यांदा आमच्या कमाईतून सदका दिला. रक्कम सांगत नाही, लहानच होती. त्याआधी जे दिलं ते नवऱ्यांकडून मागून दिलेलं होतं. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. तरी फरक हाताला कळला. स्त्रीने जे कमावलं त्यात तिचा वाटा आहे, हे सूरह निसामध्ये आहे, लहानपणापासून ऐकलेलं. आमच्यासाठी त्याचा अर्थ त्या दिवशी उघडला.

काम आता बरं आहे. 1950 सांगितल्यावर तीनातल्या दोन बाया थांबतात. ज्या बाई विचार करून कळवते म्हणाल्या होत्या, त्या दीड वर्षांनी मुलीच्या लग्नाचे ब्लाउज घेऊन आल्या. टेम्पोचे हप्ते अजून चालू आहेत. थोरलीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून मगरिबनंतर ती बारीक काम घेत नाही. म्हणजे महिन्याला एक ब्लाउज कमी. तो आकडाही वहीत आहे.

मागच्या जुम्याला फुफीसासू आल्या. आम्ही दोघी पाठीच्या शेवटच्या वेलीवर होतो, संध्याकाळी द्यायचं होतं. त्यांनी दारातूनच विचारलं, बहुआ कुठं आहेत, चहा वगैरे काही आहे की नाही. आमच्या सासूबाई, ज्यांनी चार वर्षं "बसल्या बसल्या काहीतरी करतात" असंच सांगितलं होतं, स्वयंपाकघराकडे जात म्हणाल्या, "बहुआं कामपे हैं. तुम बैठो, चाय मैं लाती."

आम्ही मान वर केली नाही, टाका सुटला असता. रात्री वही उलटी करून तेवढंच लिहिलं, तारखेसकट.