रायफलचा गुरू, ट्रॅपचा शिष्य

पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला नेमबाजीत तीन ब्राँझपदकं मिळाली. २८ जुलै ते १ ऑगस्ट २०२४, अवघ्या पाच दिवसांत, शातोरूच्या रेंजवर. मनू भाकर, मग मनू आणि सरबज्योत सिंग यांची जोडी, मग कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे. खेळाडूंबरोबर प्रशिक्षकांची नावंही घरोघरी पोचली: जसपाल राणा, अभिषेक राणा, दीपाली देशपांडे. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार कानांवर येतो. इतक्या तयारीच्या प्रशिक्षकाच्या हाती नेमबाजीचा कुठलाही प्रकार सोपवला, तर तो तसाच निकाल देईल का? शेवटी नेम तो नेमच, असं विचारणाऱ्याला वाटतं. त्या निमित्ताने टिपून ठेवलेलं हे थोडंसं.

*

आधी डोळ्याचं. पिस्तूल नेमबाजाची नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर खिळलेली हवी. लक्ष्य अंधूक दिसलं तरी चालतं, किंबहुना तसंच दिसायला हवं. नजर लक्ष्याकडे धावली की माशी हललेली कळत नाही आणि गोळी भरकटते. ट्रॅपमध्ये याच्या नेमकं उलट. तिथे नजर उडत्या तबकडीवरच हवी. नळीवरच्या मण्याकडे पाहिलं की बंदूक क्षणभर थबकते आणि छर्रे तबकडीच्या मागून निघून जातात. एका रेंजवरची शिकवण दुसऱ्या रेंजवर चूक ठरते ती अशी. ‘माशीकडे बघ’ हे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं वाक्य पिस्तुलाच्या प्रशिक्षकाने ट्रॅपच्या मुलाला सवयीने सांगितलं, तर त्या मुलाचं नुकसानच होईल.

*

मग वेळेचं. १० मीटर एअर रायफलमध्ये ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात. होल्ड मनासारखा बसला नाही तर रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि नव्याने उचलायची. शॉट सोडून द्यायला शिकवण्यात चांगला प्रशिक्षक महिने घालवतो. २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात शेवटच्या टप्प्यात चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात. ट्रॅपमध्ये समोरच्या तीन यंत्रांपैकी कुठलं सुटणार हे ठाऊक नसतं, आणि तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने निघते. हाक देईपर्यंतचाच वेळ नेमबाजाचा, पुढचा तबकडीचा. संयम सगळ्यांनाच लागतो, पण तो कुठे वापरायचा हे प्रकारागणिक बदलतं. हे ज्याने स्वतः अनुभवलेलं नाही, त्याने कितीही पुस्तकं वाचली तरी नेमक्या क्षणी त्याच्या तोंडून चुकीची सूचना जाते.

*

५० मीटर थ्री पोझिशनमधलं नीलिंग बघा. उजव्या हाताचा नेमबाज उजव्या पायाच्या घोट्याखाली गुंडाळी ठेवून टाचेवर बसतो, डावं कोपर डाव्या गुडघ्यावर टेकवतो. दंडाला स्लिंग आवळलेली असते, आणि जागा चुकली तर नाडीचा ठोका त्या पट्ट्यातून थेट रायफलपर्यंत जातो. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. नेमबाज डोळे मिटतो, दोन श्वास घेतो, डोळे उघडतो आणि रायफल कुठे स्थिरावली ते पाहतो. ती बाजूला गेली असेल तर हातांनी ढकलायची नाही, सगळं शरीर केसभर वळवून पुन्हा बसायचं. मागे उभ्या प्रशिक्षकाला ही ढकलाढकली स्कोअरच्या आधी खांद्यावर दिसते.

दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात उतरल्या होत्या. त्यांचा शिष्य स्वप्नील पॅरिसच्या अंतिम फेरीत नीलिंगनंतर सहावा होता. तिथून तो न डगमगता वर सरकत गेला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला. तीन पोझिशनचा सामना कुठे हातातून जातो आणि कुठे परत मिळवता येतो, हे स्वतः खेळलेल्या गुरूकडून त्याला मिळालं, असं मी मानतो.

*

जवळच्या प्रकारांत कौशल्य सहज उतरतं. जसपाल राणांचं नाव झालं ते २५ मीटरवर. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्यांनी सेंटर फायर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्यांची शिष्या मनू हिची दोन्ही पदकं मात्र १० मीटर एअर पिस्तुलातली; २५ मीटरमध्ये ती चौथी आली. अंतर, ट्रिगरचं वजन आणि वेळ बदलली, तरी एका हाताने, आधाराशिवाय पिस्तूल पेलणं तेच. माशी तीच, आणि ट्रिगर हिसकला तर गोळी खाली-डावीकडे जाण्याची खोडही तीच.

*

कोल्हापूरच्याच राही सरनोबतने मार्गदर्शक निवडल्या त्या मुंखबायर दोर्जसुरेन. या बाईंनी १९९२ मध्ये मंगोलियासाठी आणि २००८ मध्ये जर्मनीसाठी ऑलिंपिक ब्राँझ जिंकलं, दोन्ही वेळा २५ मीटर पिस्तुलात. राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तेही २५ मीटर पिस्तुलातच. भाषा वेगळी, देश वेगळा, पण रेंज एकच. देश ओलांडणं सोपं निघालं.

असंच दुबईच्या शेख अहमद अल मक्तुम यांचं. २००४ मध्ये डबल ट्रॅपचं सुवर्ण त्यांचं. २०१२ मध्ये लंडनला त्याच प्रकारात त्यांचा ब्रिटिश शिष्य पीटर विल्सन जिंकला.

*

आता उलट बाजूने. अवनी लेखराच्या प्रशिक्षक सुमा शिरूर. त्या स्वतः अथेन्समध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत खेळलेल्या. अवनी व्हीलचेअरवरून नेम धरते. तिच्या गटातल्या ‘स्टँडिंग’ प्रकारात बसून, पण कोपराला टेबलाचा आधार न घेता रायफल पेलावी लागते. उभ्या नेमबाजाचा तोल पाय आणि कंबर सांभाळतात. इथे तो मार्गच बंद. म्हणजे पोझिशनची पाटी पुसून नव्याने लिहिणं आलं. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण अवनीने आणलं. सुमाताईंचं रायफलचं ज्ञान पायाला होतंच. पण त्या ज्ञानातलं काय लागू पडतं आणि काय बाजूला ठेवायचं, हे समोरच्या शरीराकडे पाहून ठरवावं लागतं. थोर प्रशिक्षकाची ओळख मला इथे पटते.

*

मनाचं प्रशिक्षण मात्र कुठलीही सीमा ओलांडतं. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस अधिकारी होते, स्वतः नेमबाज होते. अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत कितीतरी खेळाडूंना त्यांनी वाट दाखवली. श्वास, एकाग्रता, आणि सामना डोळ्यांसमोर आणून आधीच खेळून पाहणं या गोष्टी बंदुकीला आणि बॅटला सारख्याच उपयोगी. पण द्रविडला कव्हर ड्राइव्ह शिकवायला बामसर गेले नाहीत. आपल्या ज्ञानाची हद्द ओळखणारा माणूसच हद्दीपलीकडच्या खेळाडूला उपयोगी पडतो.

*

एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचा प्रवास खेळाडूंना कधी कधी सक्तीने करावा लागतो. महिलांचं डबल ट्रॅप २००४ नंतर ऑलिंपिकमधून गेलं, पुरुषांचं २०१६ नंतर. अमेरिकेच्या किम रोडने डबल ट्रॅपमध्ये दोन सुवर्णं आणि एक ब्राँझ मिळवलं होतं. पुढे स्कीट या शॉटगनच्याच दुसऱ्या प्रकारात तिने रौप्य, सुवर्ण आणि ब्राँझ जिंकलं. सलग सहा ऑलिंपिक, सहा पदकं! हलत्या तबकडीवरची नजर तिच्याकडे होतीच. तरीही स्कीटमध्ये बंदूक कमरेशी धरून उभं राहायचं आणि तबकडी दिसल्यावरच खांद्याला लावायची, ही सवय वेगळी मेहनत मागते. भारतानेही स्कीटसाठी अटलांटाचा स्कीट विजेता एन्नियो फाल्को आणला होता. शॉटगनच्या एकाच घरातही वेगळा जाणकार लागतो तो असा.

*

तिरंदाजीतही हाच प्रश्न दाराशी आला आहे. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली घडलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडचे जगज्जेते झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड मिश्र सांघिक प्रकार येतो आहे. रिकर्व्हमध्ये दोरी बोटांनी सुटते, अंतर ७० मीटर. कंपाउंडमध्ये ती रिलीज यंत्राने सुटते, अंतर ५० मीटर, आणि पूर्ण ताणल्यावर चाकांमुळे हातावरचा भार उतरतो. ऑलिंपिकचा दरवाजा उघडला म्हणून रिकर्व्हचे मोठे प्रशिक्षक रातोरात कंपाउंडवर नेमू नयेत. साताऱ्यात जे तयार आहे, त्याला बळ द्यावं.

*

माझं मत सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत कुठल्याही प्रकारातला चांगला प्रशिक्षक चालतो. सुरक्षितता, शिस्त, कोरडा सराव, सरावाची वही या गोष्टी सगळीकडे सारख्या. अगदी वरच्या पातळीवर नियोजन, संघ सांभाळणं आणि सामन्याच्या दिवशी खेळाडूला शांत ठेवणं हेही एका प्रकारातून दुसऱ्यात जातं. मधलं तंत्र जात नाही, आणि पदक एका दशांशाने हुकतं ते तिथेच. म्हणून संघटनांनी प्रमुख प्रशिक्षक खुशाल कुठल्याही प्रकारातला नेमावा, पण फायरिंग पॉइंटच्या मागे उभा राहणारा माणूस त्या प्रकारातलाच ठेवावा आणि त्याचं मानधन वेगळं धरावं. आणि पालकांनो, अकादमीत नाव घालताना भिंतीवरची पदकं जरूर बघा, पण आधी एवढं विचारा: तुमचा मुलगा किंवा मुलगी जो प्रकार खेळणार आहे, तो तिथे शिकवणाऱ्याने स्वतः किती वर्षं खेळला किंवा शिकवला आहे?